सदाफुलीच्या पानांतील अल्कलॉइडे

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची; अठराव्या शतकात तिचे बी युरोपातील उद्यानांत पोहोचले आणि पुढे उष्ण कटिबंधात सर्वत्र ती इतकी रुजली की, कोकणातल्या अंगणात ती परकी वाटत नाही. जमैकासह अनेक प्रदेशांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर दिला जात असे. हीच ख्याती तपासण्यासाठी १९५० च्या दशकात कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी उंदरांना हा अर्क तोंडावाटे दिला, तेव्हा रक्तशर्करा जागची हलली नाही; मात्र तो टोचल्यावर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. ज्या परिणामाला दुसऱ्या कोणी अपयश मानून वही मिटली असती, त्यातूनच व्हिनब्लास्टिन हाती लागले, आणि अमेरिकेतील एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेने वेगळे केलेले व्हिनक्रिस्टिन १९६३ मध्ये तेथे औषध म्हणून मान्य झाले.

ही दोन्ही अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीतील नत्रयुक्त व बहुधा कडू संयुगे, पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. त्यामुळे विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्मनलिकांचे जाळे उभे राहत नाही आणि पेशीविभाजन अर्ध्यावर अडते. बालकांच्या रक्तकर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही दिले जाते, जरी त्यामुळे मज्जातंतूंना इजा होऊ शकते. पानांत या द्रव्यांचे प्रमाण अत्यल्प असल्याने, त्यांत अधिक आढळणाऱ्या कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन या घटकांना प्रयोगशाळेत जोडून औषध बनवण्याचा मार्गही पुढे शोधण्यात आला.