राजाची हाडे काय सांगतात? : तिसऱ्या रिचर्डची साक्ष

१/ २२ ऑगस्ट १४८५. बॉसवर्थच्या रणांगणावर इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड वयाच्या ३२व्या वर्षी मारला गेला. लेस्टर शहरातील ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. पुढे मठ पाडला गेला आणि कबरीची जागाही विस्मरणात गेली.

२/ सत्ता ट्यूडर घराण्याकडे गेली. त्या राजवटीत रंगलेले रिचर्डचे चित्र भयंकर होते. टॉमस मोरने त्याचा डावा खांदा उंच आणि एक हात वाळलेला असल्याचे लिहिले. शेक्सपिअरने त्याला कुबडा खलनायक म्हणून रंगभूमीवर आणले. उलट, रिचर्डच्या आधुनिक पाठीराख्यांपैकी अनेकांना हे व्यंग म्हणजे निव्वळ बदनामी वाटे.

३/ २०१२ साली लेस्टरमधील एका वाहनतळाखाली उत्खननात एक सांगाडा मिळाला. कार्बन-कालमापन, जखमा आणि रिचर्डच्या बहिणीच्या मातृवंशातील हयात वंशजांचा डीएनए यांच्या आधारे, फेब्रुवारी २०१३ मध्ये लेस्टर विद्यापीठाने तो रिचर्डचाच असल्याचे जाहीर केले.

४/ हाड साक्ष कसे देते, हे कळण्यासाठी त्याची रचना पाहू. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमुळे त्याला चिवटपणा येतो, तर त्यांत बसलेल्या कॅल्शियम व फॉस्फेटच्या स्फटिकांमुळे कठीणपणा. बाहेर घट्ट थर, आत सच्छिद्र जाळी. काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही नवे रचतात. हे काम आयुष्यभर चालते.

५/ वाढत्या वयात हाडावर जसा भार पडतो, तसा त्याचा आकार घडतो. रिचर्डचे मणके असमान वाढलेले होते. त्याचा कणा बाजूला वळला होता, पण पाठीवर कुबड नव्हते. हा बाक जन्मजात नव्हता. तो बहुधा दहाव्या वर्षानंतर आला. उंच असावा तो उजवा खांदा, मोरने लिहिला तसा डावा नव्हे. दोन्ही हात धडधाकट होते. म्हणजे निंदकांनी अतिशयोक्ती केली आणि पाठीराख्यांनी जे खरे होते तेही नाकारले.

६/ जिवंत हाडाला इजा झाली की ते भरून येऊ लागते. रिचर्डच्या सांगाड्यावरील ११ जखमांवर भरून येण्याची कोणतीही खूण नाही. त्या मृत्यूच्या सुमारासच झालेल्या आहेत. त्यांपैकी ९ कवटीवर आहेत. म्हणजे अखेरच्या क्षणी डोक्यावर शिरस्त्राण नसावे.

७/ सर्वांत मोलाचा पुरावा मात्र हाडांच्या या सततच्या नूतनीकरणातून मिळाला. दातांचे इनॅमल बालपणी तयार होते, मग बदलत नाही. मांडीच्या हाडात साधारण शेवटची १० ते १५ वर्षे साठलेली असतात; बरगडी लवकर बदलते, म्हणून तीत शेवटची २ ते ५ वर्षेच दिसतात. एकाच देहात तीन वेगवेगळ्या काळांच्या नोंदी!

८/ २०१४ साली संशोधकांनी या तिन्हींतील मूलद्रव्यांच्या समस्थानिकांची तुलना केली. दातांवरून कळले की लहानपणीच तो जन्मभूमी सोडून जास्त पावसाच्या प्रदेशात गेला होता. मांडीचे हाड व बरगडी यांतील फरकावरून अखेरच्या वर्षांत त्याचा आहार अधिक उंची झाल्याचे दिसले : गोड्या पाण्यातील मासे, रानपक्षी आणि वाढलेली वाइन. त्याचे राजेपण जेमतेम २६ महिन्यांचे. तरी बरगडीने ते टिपले.

९/ हाडांची साक्ष इथे संपते. लंडनच्या टॉवरमधून नाहीसे झालेले दोन पुतणे रिचर्डनेच मारवले का, याचे उत्तर त्याच्या सांगाड्यात नाही. माणूस काय खात होता, कसा वाढला, कसा मेला, हे हाड सांगते. तो कसा वागला, हे सांगत नाही. वाकडा कणा पाहून वाकडे मन गृहीत धरण्याची चूक मात्र ट्यूडरकाळाने केली. ती आपण करू नये.

१०/ २६ मार्च २०१५ रोजी लेस्टर कॅथीड्रलमध्ये राजाला सन्मानाने पुन्हा पुरण्यात आले.