गाठीची जात आणि चुंबकाची साक्ष

वाचकहो, पारगाव जुन्नरचं असो की आंबेगावचं, तिथून खोडद काही फार लांब नाही. त्या माळावर नि भोवतालच्या शिवारांत मिळून 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली ही रेडिओ दुर्बीण. दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजन जे रेडिओतरंग पाठवतो, ते ती टिपते. हायड्रोजन आपल्या शरीरातही आहे. पाण्यात आहे, चरबीत आहे. निराळ्या रीतीने त्यालाही बोलतं करता येतं, आणि त्याच्या बोलण्यावरून स्तनाच्या कर्करोगाची जात कोणती असावी याचा अंदाज घेता येतो. ही विद्या कशी घडली, ते आज पाहू.

हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे जणू एक इवलासा लोहचुंबक. त्याला मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून योग्य लांबीची रेडिओलहर सोडली, तर तो ढळतो. लहर थांबली की आपली हाक उलट पाठवीत पूर्वस्थितीला येतो. 1946 साली अमेरिकेत ब्लॉक आणि पर्सेल यांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिलं. पुढे 1951 मध्ये ब्लॉक यांच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, पॅकर्ड आणि आपले एस. एस. धर्मट्टी यांना असं आढळलं, की मद्यार्कातील हायड्रोजन एका नव्हे, तीन सुरांत बोलतो. शेजारी कोण आहे, त्यावर सूर ठरतो! हेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा संस्थेत आले आणि त्यांनी तिथे या शास्त्राचा पाया घातला.

मग 1971 साली डॅमेडियन यांनी उंदरांच्या गाठी तपासल्या. गाठीतील पाण्याच्या हायड्रोजनला पूर्वस्थितीला यायला निरोगी मांसापेक्षा अधिक वेळ लागतो, असं त्यांना दिसलं. 1973 मध्ये लाउटरबर यांनी या हाकांपासून चित्र काढण्याची युक्ती सांगितली. मॅन्सफील्ड यांनी ती पुढे नेली. या दोघांना 2003 चं नोबेल पारितोषिक मिळालं. यालाच आपण एम.आर.आय. म्हणतो. त्यात क्ष-किरण लागत नाहीत.

1980 नंतरच्या दशकात स्तनाच्या तपासणीत शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देऊ लागले. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या, गळक्या रक्तवाहिन्या उभारते. त्यामुळे ते द्रव्य तिथे पुष्कळदा झपाट्याने भरतं नि झपाट्याने ओसरतं. साध्या गाठीत बहुधा ते सावकाश भरत जातं.

पण आता तुम्ही विचाराल, कर्करोग तो कर्करोग, त्यात जात कसली? जात आहे, आणि उपचार तिच्यावरच ठरतो. काही गाठी स्त्रीच्या संप्रेरकांवर पोसतात. त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी औषधं लागू पडतात. काहींवर ‘हर-टू’ नावाचं प्रथिन फार असतं. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब आहे. ज्यांत यांपैकी काहीच नाही, अशा त्रिऋण गाठींवर ही दोन्ही औषधं चालत नाहीत. तिथे मुख्यतः केमोथेरपीचा आधार. एम.आर.आय.त त्रिऋण गाठ पुष्कळदा गोल, गुळगुळीत कडेची दिसते आणि तिच्या भोवती उजळ कडं उमटतं. दुसरी एक जात पेशींच्या रांगा करीत मांसात पसरते. क्ष-किरणांच्या चित्रात ती निसटू शकते. चुंबकापुढे अधिक नीट सापडते.

तरी ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. दोन जातींच्या सावल्या एकमेकींसारख्याही असतात. निवाडा होतो तो गाठीचा बारीकसा तुकडा सुईने काढून, विशिष्ट रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. सुई टोचल्याने रोग पसरतो, ही समजूत खेड्यापाड्यांत आहे. तिच्यापायी तपासणी टाळू नये. टाळल्याने वेळ जातो, आणि गाठ वाढते.

आणि हे सारं पुढचं. पहिली पायरी यंत्राची नाहीच. 1941 साली परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतील 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या गटातील स्त्रियांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासलं. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब घेतला, तर फरक तेवढा ठाम दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

शिक्षक मंडळींनी पालकसभेत, महिला मंडळात हे जरूर सांगावं. अशी गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती पदराआड राहते. घरच्या पुरुषांना सांगायला संकोच वाटतो, सुगीची कामं आड येतात. तेव्हा मायबहिणींनो, हाताला गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी झाली, बोंडातून रक्त आलं, तर दुखण्याची वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.