दैव, पौरुष आणि ऑबर्नचा एक हंगाम

यशाचीं कारणें सांगतांना मनुष्याची जीभ दोहों बाजूंस वळते. यश आपलें असलें म्हणजे तो कर्तृत्वाचें नांव घेतो; दुसऱ्याचें असलें म्हणजे नशिबाचें. 'प्रयत्नांतीं परमेश्वर' आणि 'दैव देतें आणि कर्म नेतें' या दोन म्हणी आपल्या भाषेंत सुखानें शेजारीं नांदतात, आणि प्रसंग पाहून जी सोयीची ती आपण पुढें करतों. राज्यें व युद्धें यांच्या इतिहासांत हा वाद सहसा निकालांत निघत नाहीं, कारण तेथें मोजदाद अपुरी असते व तोच प्रसंग पुन्हां येत नाहीं. खेळाची गोष्ट निराळी आहे. तेथें प्रत्येक पावलाची नोंद राहते, आणि तेच प्रतिपक्षी त्याच नियमांनीं पुढच्या वर्षीं पुन्हां समोर येतात. म्हणून दैव व पौरुष यांचे वांटे तपासूं पाहणाऱ्यानें खेळाच्या इतिहासाकडे तुच्छतेनें पाहूं नये. अमेरिकेंतील ऑबर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा 2013 सालचा हंगाम या दृष्टीनें फार उद्बोधक आहे.

अमेरिकेंतील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो हातांत घेऊन धांवतां येतें, फेंकतां येतो आणि लाथेनें मारतांही येतो. अकरा गड्यांच्या संघानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यांत चेंडू नेला कीं सहा गुण, आणि दोन उंच खांबांमधून लाथेनें पार केला कीं तीन. अलाबामा राज्यांत या खेळाचें वेड विलक्षण आहे. ऑबर्न येथील जॉर्डन-हेअर क्रीडांगणांत ऐंशी हजारांवर प्रेक्षक बसतात. ऑबर्न आणि अलाबामा या दोन विद्यापीठांची स्पर्धा तर पिढीजाद आहे. त्यांचा पहिला सामना 1893 सालीं बर्मिंगहॅम शहरीं झाला. 1907 नंतर खर्चाच्या रकमेवरून व पंचांच्या नेमणुकीवरून तंटा होऊन तो जो बंद पडला, तो 1948 सालींच पुन्हां सुरू झाला. बर्मिंगहॅमच्या लोखंडाच्या धंद्यावरून या सामन्यास 'आयर्न बोल' म्हणतात.

2013 ची गोष्ट समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. 2010 च्या हंगामांत जीन चिझिक या प्रशिक्षकाच्या हाताखालीं ऑबर्ननें चौदाच्या चौदा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें होतें. कॅम न्यूटन हा असामान्य खेळाडू त्या वर्षीं संघांत होता, हें खरें. परंतु चौदांपैकीं पांच विजय तीन किंवा त्याहून कमी गुणांचे होते, हेंही तितकेंच खरें. न्यूटन गेला, पुढील वर्षीं पांच पराभव पदरीं आले, आणि 2012 सालीं बारांपैकीं अवघे तीन सामने हातीं लागले. आपल्या गटांतील आठही सामने ऑबर्न हरलें, व अलाबामानें तर 49–0 असा धुव्वा उडविला. ज्या प्रशिक्षकाला दोन वर्षांपूर्वीं लोकांनीं डोक्यावर घेतलें होतें, त्यालाच नोव्हेंबर 2012 मध्यें घरीं जावें लागलें.

त्याच्या जागीं गस मॅल्झान आला. हा गृहस्थ 2010 च्या विजयी संघांत चढाईची आंखणी करीत असे. त्यानें वेगानें धांवून पुढें सरकण्याची पद्धत बसविली, आणि पूर्वीं जॉर्जियाच्या संघांत असलेल्या निक मार्शल या गड्याकडे चेंडूचीं सूत्रें दिलीं. लुइझियाना स्टेटकडून झालेला एक पराभव सोडला तर संघ जिंकत राहिला. मिसिसिपी स्टेटविरुद्धचा विजयी टचडाउन शेवटचे दहा सेकंद उरले असतां झाला, टेक्सास ए. अँड एम. चा पराभव केवळ चार गुणांनीं झाला. आणि मग नोव्हेंबर महिन्यांत ते दोन क्षण आले, ज्यांच्यामुळें या हंगामाचें नांव राहिलें.

16 नोव्हेंबरला जॉर्जियाशीं गांठ होती. ऑबर्न 37–17 असें पुढें होतें. ती आघाडी शेवटच्या पावांत गळून जाऊन जॉर्जिया 38–37 असें वरचढ झालें. अवघे 36 सेकंद उरले होते. प्रयत्न चौथा, म्हणजे अखेरचा. आणि हवे होते अठरा यार्ड. मार्शलनें चेंडू दूरवर भिरकावला. जॉर्जियाचे दोन रक्षक एकाच वेळीं त्यावर झेंपावले. चेंडू हाताला लागून उसळला आणि पुढें धांवणाऱ्या रिकार्डो लुईसच्या ओंजळींत पडला. सामना 43–38 असा ऑबर्नचा झाला. कावळा बसावयाला आणि ताडाचें फळ पडावयाला एक गांठ पडली, यालाच आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणत.

चौदा दिवसांनीं, 30 नोव्हेंबरला, अलाबामा समोर उभें राहिलें. तें त्या वेळीं देशांत पहिल्या क्रमांकावर होतें. 28–28 अशी बरोबरी असतां घड्याळाचा वेळ संपला. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनीं एक सेकंद शिल्लक असल्याचा आग्रह धरला, व पंचांनीं चित्रें तपासून तो मान्य केला. त्या एका सेकंदांत 57 यार्डांवरून लाथ मारण्यांत आली. ती आंखूड पडली. खांबांखालीं उभ्या असलेल्या क्रिस डेव्हिसनें चेंडू झेलला, आणि तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धांवत गेला. 34–28. अलाबामानें मागून घेतलेला सेकंद अलाबामाच्याच मुळावर आला.

यास निव्वळ दैव म्हणावें काय? गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा, आणि पांचवें दैव. दैव गणतींत आहे, पण पांचवें आहे. या क्रमानें पाहिलें तर वरील दोन्ही प्रसंगांचा अर्थ थोडा बदलतो. चौथ्या प्रयत्नांत रक्षकाला चेंडू झेलण्याची गरज नसते, खालीं पाडला तरी पुरे. जॉर्जियाचे दोघेही एकाच चेंडूच्या मोहांत पडले, ही चेष्टेंतील चूक होती. आंखूड पडलेली लाथ परतवितां येते, हा नियम सर्वांनाच ठाऊक होता. परंतु लाथेपूर्वीं विराम घेऊन खांबांखालचा गडी बदलून तेथें डेव्हिसला उभें करणें ही योजना होती. लाथ मारणाऱ्या तुकडींत बहुतेक धिप्पाड गडी असतात. मोकळ्या मैदानांत चपळ गड्याचा पाठलाग करणें हें त्यांचें काम नव्हे. शिवाय त्याच दिवशीं ऑबर्ननें त्या बलाढ्य संघाविरुद्ध धांवून 296 यार्ड मिळविले होते, आणि हंगामभर सामन्यागणिक 328 यार्डांची सरासरी राखून त्या बाबतींत देशांत पहिला क्रमांक पटकाविला होता. पुढल्याच आठवड्यांत मिसूरीचा 59–42 असा पराभव करून त्यानें गटाचें विजेतेपद मिळविलें. त्या दिवशीं एकट्या ट्रे मेसननें 304 यार्ड धांव घेतली. असे यार्ड नशिबानें मिळत नाहींत.

उलट बाजूही सोडतां कामा नये. जॉर्जियाविरुद्ध चमत्काराची गरज पडली, ती वीस गुणांची आघाडी स्वतः गमावल्यामुळें. ते दोन क्षण उलटे पडते, तर अकरा विजय व एक पराभव याऐवजीं नऊ व तीन असा हिशेब झाला असता. आणि संघ तोच, कसब तेंच राहिलें असतें. यांतून निघणारा निष्कर्ष असा: पौरुष दोन पक्षांमधील अंतर ठरवितें, आणि अंतर थोडें उरलें म्हणजे दैवाला शिरावयास वाव मिळतो. 2012 सालीं 49 गुणांनीं हरणाऱ्या संघावर दैव कितीही प्रसन्न झालें असतें तरी त्याचा उपयोग नव्हता. वर्षभराच्या मेहनतीनें संघ अलाबामाच्या बरोबरीला आला, म्हणून एका सेकंदाला किंमत आली.

दैवानें आपला हिशेब लवकरच पुरा केला. 6 जानेवारी 2014 रोजीं पॅसाडेना येथें फ्लॉरिडा स्टेटशीं राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना झाला. ऑबर्न 21–3 असें पुढें होतें. शेवटच्या पांच मिनिटांत प्रतिपक्षाच्या एका गड्यानें चेंडू झेलून शंभर यार्डांची धांव काढली, जणूं डेव्हिसचीच नक्कल. आणि 13 सेकंद उरले असतां विजयी टचडाउन होऊन ऑबर्न 34–31 असें हरलें. पुढील हंगामांत 1 नोव्हेंबरला मिसिसिपीचा गडी शेवटच्या रेषेशीं चेंडू गमावून बसला व ऑबर्न 35–31 असें तरलें. आठवड्यानें ऑबर्नच्याच हातून अखेरीस दोनदां चेंडू निसटून टेक्सास ए. अँड एम. 41–38 असें जिंकलें. वर्षअखेर आठ विजय, पांच पराभव. फ्रान्सिस गॉल्टन यानें 1886 सालीं दाखविलें होतें कीं, फार उंच आईबापांचीं मुलें उंच निघतात खरीं, पण सरासरीनें आईबापांइतकीं नाहींत. असामान्य वर्षाचेंही तसेंच असतें: त्यांतील कसबाचा भाग पुढें टिकतो, योगायोगाचा टिकत नाहीं.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाहीं. त्यावर माणसांची भाकरी व अब्रू अवलंबून असते. चिझिकला एका वर्षीं देव केलें व दुसऱ्या वर्षीं काढून टाकलें. मॅल्झाननें आठ हंगामांत एकदांही विजयांहून अधिक पराभव होऊं दिले नाहींत; तरी डिसेंबर 2020 मध्यें त्यालाही जावें लागलें, कारण 2013 ची आठवण हीच त्याच्या प्रत्येक पुढील वर्षाची मोजपट्टी झाली होती. आणि त्या आयर्न बोलमध्यें ज्याच्या तीन लाथा चुकल्या किंवा अडविल्या गेल्या, त्या अलाबामाच्या विद्यार्थ्यावर शिव्यांचा व धमक्यांचा वर्षाव झाला. तराजू थोडा दुसरीकडे झुकला असता तर तेच लोक त्याला हार घालीत. निकाल पाहून गुण ठरविणारा समाज विजेत्याला प्रमाणाबाहेर बक्षीस देतो आणि पराभूताला प्रमाणाबाहेर शिक्षा. जो न्याय करूं इच्छितो, त्यानें शेवटच्या सेकंदाआधींचीं एकोणसाठ मिनिटें व एकोणसाठ सेकंदही पाहिलें पाहिजेत. माणसाच्या हातीं होतें तेवढ्याचाच जाब त्याला विचारावा, आणि पांचव्या कारणाचें श्रेय किंवा अपश्रेय कोणाच्याच नांवें लिहूं नये.