मधपेटी, हप्ता आणि हंगाम : पश्चिम घाटातील मधमाशीपालनाच्या पतपुरवठ्याचा मागोवा

भारतातील ग्रामीण पतपुरवठ्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी जमीन, पीक, बैल आणि विहीर यांचाच विचार प्राधान्याने केला आहे. ते स्वाभाविक होते, कारण कर्जाचे कायदेच मुळी जमिनीभोवती घडले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जरोख्यांची होळी केली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची व्यवस्था घालून दिली. या सर्व प्रयत्नांत ऋणको म्हणजे जमीन कसणारा, हे गृहीत होते. मधपाळ या चौकटीत बसत नाही. त्याच्या माश्या चरतात त्या दुसऱ्याच्या शेतात आणि सरकारी जंगलात. त्याची मत्ता म्हणजे एक लाकडी पेटी, आणि त्या पेटीतील खरे धन एखाद्या दुपारी राणीमाशीसह उडून जाऊ शकते. अशा मत्तेवर कर्ज कोणी द्यावे, कशाच्या भरवशावर द्यावे आणि केव्हा वसूल करावे, या प्रश्नाला विसाव्या शतकात मिळालेल्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पोळे ते पेटी

सह्याद्रीत मध गोळा करण्याची परंपरा जुनी आहे. आग्या माशीचे पोळे कड्यावरून किंवा उंच झाडावरून उतरवायचे तर धूर, दोर, कोयता आणि धाडस एवढेच भांडवल लागे. पोळे पिळून मध काढला जाई आणि त्यात वसाहतीचाही नाश होई. या धंद्याला कर्जाची गरज नव्हती. ती निर्माण केली हलत्या चौकटींच्या पेटीने. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये माश्यांच्या ये-जा करण्यासाठी चौकटींमध्ये ठेवावयाच्या अंतराचे तत्त्व मांडले आणि पोळे न मोडता मध काढणे शक्य झाले. आपली सातेरी माशी आकाराने लहान, तिची वसाहतही लहान. तेव्हा परदेशी पेटी तिला मोठी पडे. तिरुचिरापल्ली परिसरात काम करणारे पाद्री न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात सातेरीला मानवेल अशी लहान पेटी रूढ केली व स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिले. १९२० च्या दशकात स्पेन्सर हॅच यांनी मार्तंडम येथील ग्रामविकास केंद्रात हा व्यवसाय पूरक उद्योग म्हणून रुजविला. १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही त्याची दखल घेतली.

पेटीबरोबर तिवई, धुरांडे, मधयंत्र असा सरंजाम आला. एक पेटी स्वतः करता येईल. पण पाच-दहा पेट्या ठेवायच्या तर रोख रक्कम हवी, आणि ज्यांच्यासाठी हा उद्योग सुचविला जात होता त्या अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांकडे नेमकी तीच नव्हती. मधमाशीपालनातील कर्ज हे या अर्थाने आधुनिक पेटीचेच अपत्य होय.

सहकाराने दिलेले उत्तर

१९०४ च्या सहकारी कायद्याने केवळ पतसंस्थांना मान्यता दिली होती. उत्पादन व विक्रीच्या संस्थांना वाट मोकळी झाली ती १९१२ च्या कायद्याने. कोडगूमधील विराजपेठ येथे १९३६ मध्ये मध व मेण उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली, ती याच वाटेवरची. महाराष्ट्रात मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग समितीने १९४६ मध्ये महाबळेश्वरला मधमाशीपालनाचे काम सुरू केले. तेथील मध उत्पादकांची सहकारी सोसायटी व तिचा ‘मधुसागर’ मध पुढे सर्वपरिचित झाला. १९५३ चे अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ, १९५७ पासून कार्यरत झालेला आयोग आणि १९६२ मध्ये आयोगाने पुण्यात स्थापन केलेली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था यांमुळे या उद्योगाला शासकीय पाठबळ मिळाले.

या व्यवस्थेतील पतपुरवठा लहान होता, आणि त्याचे वेगळेपण त्याच्या आकारात नव्हे तर रीतीत होते. पेटीच्या किमतीचा काही भाग अनुदान, उरलेला भाग कर्ज; ग्रामोद्योगांसाठी आयोगाचा व्याजदर चार टक्के. कर्जाचे रूप बहुधा रोख रकमेचे नसून वस्तूचे असे. जी संस्था पेटी देई तिच्याच काट्यावर हंगामात मध मोजला जाण्याची सोय असल्याने वसुलीसाठी तारण वा जामीनदार यांवर फारसे विसंबावे लागत नसे. मधाचा डबा हेच तारण, आणि तो भरण्यापूर्वी मागणी करण्यात अर्थ नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असे.

याच सुमारास झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोरवाला समितीच्या या अहवालाने, ज्या समितीत धनंजयराव गाडगीळ हेही सदस्य होते, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकाराचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे दाखविले. समितीने सुचविलेला उपाय म्हणजे पतपुरवठ्याची विक्रीव्यवस्थेशी सांगड. साखर कारखान्यांच्या संदर्भात या सूत्राची चर्चा पुष्कळ झाली आहे. मध उत्पादकांच्या संस्था तेच सूत्र किती तरी लहान प्रमाणावर राबवीत होत्या, याकडे मात्र सहकाराच्या इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले.

हंगामाचे गणित

महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर माशी बाहेर पडू शकत नाही. साठविलेला मध संपला की तिला साखरेचा पाक द्यावा लागतो, अन्यथा वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून जाते. मधाचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा : जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्याचा. त्यावर कारवी आणि व्हायटीसारख्या, अनेक वर्षांच्या अंतराने एकदाच सामुदायिक फुलणाऱ्या वनस्पतींचा हिशोब वेगळाच. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी पेट्या ओसंडतात, आणि तो विक्रम पुढच्या वर्षी मोडण्याची अपेक्षा कोणताही जाणता मधपाळ धरत नाही.

याचा अर्थ असा की मधपाळाला पैशाची निकड श्रावणात असते आणि पैसा हाती येतो तो वैशाखाच्या सुमारास. पेटीसाठीचे कर्ज भांडवली. पावसाळ्यातील साखरेसाठीचे कर्ज खेळत्या भांडवलाचे. योजनांच्या कागदपत्रांत पेटी नेहमी दिसते, साखर क्वचित दिसते. वसाहती टिकतात की नाही हे मात्र पुष्कळदा साखरेवरच ठरते. रिकाम्या पेट्यांचे ढीग पाहून लाभार्थ्यांच्या आळसावर बोट ठेवणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतलेला दिसत नाही.

साथ आणि धोरणबदल

१९९१-९२ मध्ये ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणुजन्य रोगाने केरळात सातेरीच्या बहुतांश वसाहती नष्ट केल्या. थायलंडमध्ये १९७६ साली प्रथम आढळलेल्या या रोगात अळ्या कोषावस्थेपूर्वीच मरतात, आणि त्यावर हुकमी औषध नाही. कर्नाटकातही साथ पोहोचली आणि दक्षिणेतील मध संस्थांची आवक कोसळली. मध मोजून घेणारी संस्था आणि कर्ज देणारी संस्था एकच असण्याची दुसरी बाजू येथे उघडी पडली. माल थांबला की वसुली थांबते, आणि ज्या वर्षी सभासदाला नव्या वसाहतीसाठी आधार हवा त्याच वर्षी संस्थेची तिजोरी रिकामी असते. एकाच परिसरातील, एकाच जातीच्या माशीवर उभी असलेली परस्पर-जामिनकी साथीपुढे टिकत नाही.

नेमक्या याच काळात पतधोरणही बदलले. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांच्या उद्दिष्टासह स्वयंसहाय्यता गट व बँका यांच्या जोडणीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. १९९५ मध्ये खादी आयोगाची मार्जिन मनी योजना आली. त्यानुसार १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पास सर्वसाधारणपणे २५ टक्के अनुदान मिळे आणि उरलेल्या रकमेचा मुख्य भार बँकेने उचलायचा असे. २००८ मध्ये ही योजना पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात विलीन झाली. गटांनी विनातारण कर्जाचा प्रश्न सोडविला, आणि विशेषतः स्त्रियांना प्रथमच स्वतःच्या नावाने पत मिळवून दिली. हे यश लहान नाही. परंतु गटाची शिस्त मासिक बचत व मासिक हप्ता यांवर उभी आहे. शेळी, दूध, किराणा यांना ती मानवते. मधाला मानवत नाही. वर्षातून दोन-तीन महिने उत्पन्न देणाऱ्या धंद्याचा बारा महिने हप्ता मजुरीतून भरावा लागतो, आणि मग मधपेटी हा उत्पन्नाचा नव्हे तर खर्चाचा विषय होतो.

बँकेच्या प्रकल्प अहवालाने आणखी एक फरक घडविला. पंजाबात १९६० च्या दशकात अटवाल यांच्या प्रयत्नांनी रुजलेली युरोपीय मेलिफेरा माशी सॅकब्रूडच्या साथीनंतर दक्षिणेतही पसरली. ती मध अधिक देते. मात्र तिला मोठी पेटी, अधिक खाद्य आणि फुलोऱ्यामागे ट्रकने स्थलांतर लागते. पन्नास-शंभर पेट्यांचा प्रकल्प बँकेला समजतो व परवडतो. रानाच्या कडेला सातेरीच्या चार-सहा पेट्या ठेवणारे कुटुंब कागदावर इतके लहान दिसते की त्याच्यासाठी फाइल उघडण्याचा खर्चच जास्त होतो. सूक्ष्म वित्त ज्याच्यासाठी योजले तोच त्याच्या कडेला राहण्याचा हा प्रकार केवळ मधापुरता नाही, पण मधात तो फार स्पष्ट दिसतो.

महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये मध केंद्र योजना आणली. तीत साहित्याच्या किमतीचे निम्मे अनुदान आणि निम्मी रक्कम मधपाळाची स्वतःची, अशी विभागणी आहे. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मांघरसारख्या गावात रान, प्रशिक्षण आणि बाजारपेठ तिन्ही जवळ आहेत; पर्यटकही येतात. जेथे यांपैकी काहीच नाही अशा घाटमाथ्यावरील वस्तीत स्वतःची निम्मी रक्कम कोठून उभी राहते आणि ती कोणत्या महिन्यात परत करायची असते, हे पाहण्यासाठी गटांच्या नोंदवह्या आणि सोसायट्यांची जुनी मध-आवक पुस्तके एकत्र वाचावी लागतील. अशा वह्या कोठे कपाटात, कोठे माळ्यावर पडून असतात, आणि पावसाळ्यागणिक त्यांची पाने कमी होत जातात.