तंटा, पंच आणि शाळा

मुंबईहून आलेला रस्ता पळस्पे फाट्यावर दुभंगतो. एक फाटा पुण्याच्या घाटाकडे जातो, दुसरा गोव्याकडे वळतो. या पनवेल भागात आगरी, कराडी, कातकरी, मुसलमान आणि पोटासाठी परप्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी नांदतात. त्यांची मुले एका वर्गात आली की भांडणेही येणारच. ती मिटवावीत कशी?

आमच्या शाळांचा जुना तोडगा म्हणजे छडी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली. छडीच्या जागी काय आणावयाचे, हा प्रश्न मात्र उरलाच.

तडजोडीची रीत आम्हांस परकी नाही. मराठेशाहीत गोतसभा बसे, उभयपक्षांचे ऐकून महजर लिहिला जाई. जातीबाहेर पडलेल्यास प्रायश्चित्त देऊन पुन्हा पंक्तीस घेत. परंतु त्या सभेत ज्याचे त्याचे स्थान जन्माने ठरलेले होते. पंचांच्या हाती जोडण्याइतकेच तोडण्याचेही सामर्थ्य होते. रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे या शतकातही घडली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा राज्यास करावा लागला.

शाळेतही हेच घडले आहे. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. बहुसंख्य दुखावतील म्हणून मुंबई सरकारने तो नाकारला. शांतता राहिली, मुलगा दाराबाहेर राहिला. अशा शांततेस सलोखा म्हणता येत नाही.

न्यूझीलंडने 1989 च्या कायद्यात माओरी लोकांच्या रीतीतून धडा घेतला: चुकलेला मुलगा, दुखावलेला मनुष्य आणि दोघांची घरची माणसे एकत्र बसवून नुकसान भरून काढण्याचा मार्ग ठरवावयाचा. 1994 पासून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या शाळांत ही पद्धत आली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत व जेवत. 1927 साली महात्मा गांधींनी त्यास भेट दिली. तेथे समता आधी ताटापाशी आली, हे आम्ही विसरू नये.

म्हणून शाळेत मध्यस्थी करावयाची तर दुखावलेल्या मुलास प्रथम, त्याच्या घरच्या बोलीत बोलू द्यावे. कातकरी पोर आणि सावकाराचे पोर सारख्याच आसनावर बसावे. चुकलेल्याने आपल्या हाताने भरपाई करावी, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही वर्गात जागा असावी.