मचाण आणि मेंढवाडा

हिवाळ्याच्या रात्री जागून काढणे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरला, नवे नाही. कोणी उसाला पाणी देण्यासाठी जागतो, कोणी पिकाच्या राखणीसाठी, तर धनगर आपल्या मेंढ्यांसाठी. इंग्रजी अमदानीत या जागरणांमध्ये आणखी एकाची भर पडत असे. ते शिकाऱ्याचे जागरण होते.

त्याची रीत ठरलेली होती. बिबट्याच्या वाटेवरचे एखादे झाड निवडून त्यावर मचाण बांधायचे, फांद्यांनी ते झाकायचे आणि दिवस मावळताना समोर खुंटीला एक बोकड बांधून माणसांनी निघून जायचे. बोकड एकटा हवा, कारण सोबत असली की तो ओरडत नाही, आणि त्याचे ओरडणे हेच तर आमिष. मचाणावर बोलणे, खोकणे, विडी ओढणे वर्ज्य. पूर्वी चांदण्यावर भिस्त असे. पुढे बंदुकीला विजेची बत्ती जोडण्याची सोय झाली. काही वेळा बोकडाऐवजी बिबट्याने आदल्या रात्री मारून अर्धवट टाकलेल्या जनावरापाशीच दबा धरला जाई.

या शिकारीला हौसेबरोबर सरकारी उत्तेजनही होते. वाघ, बिबटे आणि लांडगे यांचा समूळ नायनाट करावा, हे त्या काळी राज्यकारभाराचे एक अंग मानले जाई आणि मारलेल्या जनावरासाठी बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. मात्र १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले होते. ज्याची शेळी जाई, त्याच्या हाती बहुधा बंदूक नसे. ज्याच्या हाती बंदूक असे, त्याची शेळी सहसा गेलेली नसे.

बंदूक नसलेल्यांनी आपले रक्षण कसे केले, हे पाहायचे तर पारनेर, कर्जत, श्रीगोंद्याच्या माळरानांकडे वळले पाहिजे. धनगर रात्री मेंढ्यांभोवती जाळीची वाघर उभी करतो, कुत्री मोकळी सोडतो आणि वाड्याशेजारीच अंग टाकतो. 'वाघर' हा शब्द संस्कृत 'वागुरा'पासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ शिकाऱ्याचे जाळे असा आहे. जनावर पकडण्याच्या साधनाचे नाव मेंढपाळाच्या हाती जनावर राखण्याच्या साधनाला मिळाले. लांडगा अधूनमधून एखादे कोकरू नेतोच. पण कळप टिकतो तो वाघर, कुत्रे आणि जागे माणूस यांच्यामुळे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीला पायबंद घातला आणि मचाणे ओस पडली. तोवर जिल्ह्याची भूमीही पालटली होती. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण होऊन प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली उतरले. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होताच. १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर हा पट्टा उसाने हिरवा झाला. मतमाउलीच्या यात्रेला हरेगावी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा ऊस परका नाही. कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी त्यात घाम गाळला आहे. त्याच दाट उसात बिबट्याला आडोसा मिळाला, पिल्ले घालायला जागा मिळाली, आणि गावाच्या उकिरड्याभोवती फिरणारी कुत्री त्याला खायला मिळाली.

मग बंदुकीची जागा पिंजऱ्याने घेतली. आमिष मात्र तेच राहिले: पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात शेळी. शेजारच्या जुन्नर भागात २००१ पासून अनेक बिबटे असे धरून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास केला. पूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती. बिबटे हलवू लागल्यावर ती १७ वर गेली. परक्या मुलुखात सोडलेले जनावर बिथरते आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते, हे ध्यानात आले.

याच अभ्यासकांनी पुढे अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात काम केले. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून निघालेली गोष्ट तर प्रत्येक घराने ऐकण्यासारखी आहे. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. तरी बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा अवघा ११ टक्के होता. कारण साधे आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रे उघड्यावर असते. शंभर वर्षे ज्या प्राण्याला आमिष म्हणून बांधले, तोच प्राणी नुसत्या बंद दारामुळे वाचत होता.

माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्याला धरावे लागते, क्वचित मारावेही लागते. कायद्यात तशी तरतूद आहे. ज्या घरातले लेकरू गेले, त्या घराला कोणी आकडे सांगू नयेत. परंतु एक बिबट्या गेल्याने दुसऱ्या रात्री दार उघडे ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

बेथलेहेमच्या रानात मेंढपाळ रात्री जागे होते, म्हणून तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता प्रथम त्यांना कळली, असे संत लूक सांगतो. संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो आणि मेंढवाड्याचे दारही म्हणतो. लांडगा येताना पाहून मेंढरे टाकून पळतो तो मोलकरी, ही त्याची कसोटी आहे. लांडगे किती मारले, हे त्या कसोटीत विचारलेले नाही.

तिचा अर्थ आपल्या जिल्ह्यात दर हिवाळ्यात नव्याने लावावा लागतो. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे फडाच्या कडेला कोप्या घालून उतरतात. त्या कोप्यांना दार नसते, पुष्कळदा दिवाही नसतो आणि पहाटेच्या अंधारात मुले उघड्यावर शौचाला जातात. रात्रीच्या विजेवर पाणी धरणारा शेतकरीही एकटाच उसात उतरतो. नाताळासाठी घरावर चांदणी लावताना आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीतल्या अशा एका कोपीवर दिवा लागला का, तिथल्या लेकरांना रात्री पक्क्या भिंतीआड झोपायला जागा मिळाली का, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.