स्वादुपिंडाच्या कर्करोगातील असंकेतक आरएनए

असंकेतक आरएनए किंवा नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे ज्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही असे आरएनए रेणू. मानवी जनुकसंचाचा दोन टक्क्यांहून कमी भाग प्रथिनांची संकेतावली धारण करतो. उरलेल्या भागापासून तयार होणारे अनेक आरएनए जनुकांच्या कार्याचे नियमन करतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे नियमन बिघडलेले आढळते.

पार्श्वभूमी

स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी बहुतेक कर्करोग पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांशी निगडित असतात. त्यांतील सुमारे ९० टक्के अर्बुदांत केआरएएस या जनुकात उत्परिवर्तन असते. आरंभी लक्षणे अस्पष्ट असल्याने निदान बहुधा उशिरा होते, आणि शस्त्रक्रियेची संधी थोड्याच रुग्णांना मिळते.

प्रकार आणि कार्य

सूक्ष्म आरएनए सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे असतात. ते संदेशवाहक आरएनएला जोडले जाऊन प्रथिननिर्मिती रोखतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कर्करोगात एमआयआर-२१ चे प्रमाण वाढते. तो पीटीईएन या अर्बुदरोधक जनुकाला दडपतो. जेमसायटाबीन या औषधाला पेशी दाद देईनाशा होण्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. याउलट केआरएएसला आवर घालणारा एमआयआर-२१७ आणि पी५३ च्या नियंत्रणाखालील एमआयआर-३४ए यांचे प्रमाण घटते.

दीर्घ असंकेतक आरएनए २०० न्यूक्लिओटाइडांहून लांब असतात. त्यांपैकी हॉटएअर आणि मॅलॅट१ यांची वाढलेली पातळी रोगाच्या आक्रमकतेशी निगडित आहे. वर्तुळाकार आरएनए हा तिसरा प्रकार असून त्यातील काही सूक्ष्म आरएनएंना बांधून ठेवतात.

निदानातील उपयोग

सध्या वापरात असलेला सीए १९-९ हा रक्तदर्शक पित्तनलिकेतील अडथळ्यामुळेही वाढतो, आणि काही व्यक्तींच्या शरीरात तो तयारच होत नाही. सूक्ष्म आरएनए रक्तात बाह्यपेशीय पुटिकांमध्ये सुरक्षित राहत असल्याने ते पर्याय म्हणून अभ्यासले जातात. मात्र एमआयआर-२१ इतर कर्करोगांत आणि दाहातही वाढतो. त्यामुळे एकट्या रेणूवरून निदान करता येत नाही.

उपचार

एमआयआर-३४ए ची कृत्रिम प्रतिकृती असलेल्या एमआरएक्स३४ या औषधाची चाचणी यकृताच्या कर्करोगासह इतर घन अर्बुदांच्या रुग्णांवर झाली. प्रतिकारयंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे ती २०१६ मध्ये थांबवण्यात आली. स्वादुपिंडातील अर्बुदाभोवती दाट तंतुमय ऊतक असल्याने औषध आतपर्यंत पोहोचवणे हीही मोठी अडचण आहे.